फटफटी गावंढळ, मग झिप काय?

मंडळी, आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घरांत हल्ली एक नवंच सोवळं सुरू झालंय. पोरगं 'फटफटी' म्हणालं की आई दटावते, "बाईक म्हण!" आवाजावरून नाव ठेवणं म्हणे अडाण्यांचं काम.

बरं. मग त्याच पोराच्या दप्तराला जी 'झिप' आहे तिचं काय? इंग्रजीत झिप हा आधी नुसता आवाजच होता, बंदुकीची गोळी कानाजवळून सुंकन जावी तसा. आवाजाचा अर्थ झाला वेग. १९२३ साली अमेरिकेतल्या गुडरिच या रबर कंपनीने आपल्या बुटांना 'झिपर' नाव दिलं, आणि बुटांचं नाव त्यावरच्या दातेरी पट्टीला चिकटलं. १९६३ साली तिकडच्या टपालखात्याने आपल्या पिनकोडसारखा 'झिप कोड' काढला. ते लघुरूप खरं, पण पत्र झपकन पोचेल असं वाटावं म्हणून मुद्दाम जुळवलेलं. १९८९ पासून कॉम्प्युटरच्या फायलीसुद्धा 'झिप' व्हायला लागल्या. एका आवाजावर एवढा संसार! त्यात कोणाला गावंढळपणा दिसला नाही.

फटफटीने वेगळं काय केलं? इंजिन फटफट वाजलं, आपल्या लोकांनी नाव ठेवलं. परकं यंत्र आलं तरी भाषा अडली नाही. मराठी व्याकरणात अशा शब्दांना 'अनुकरणवाचक' म्हणून रीतसर जागा आहे. किणकिण, कडकडाट, फडफड, गडगडाट... हे सगळे काढून टाका आणि पावसाळ्याचं वर्णन करून दाखवा बघू!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "उद्या पुण्या-मुंबईत पोराला हसतील." हसू देत की. बाईक जरूर शिकवा, पण फटफटी पुसून कशाला? आजीचा शब्द चुकीचा, असं एकदा पोराच्या मनात बसलं की ते आजीशी अहिराणीत बोलायचंही सोडतं. शब्द एकटा जात नाही हो, माणूस घेऊन जातो.

आणि गंमत बघा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी घरच्या, शेतातल्या बोलीत कविता रचली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला आपण त्यांचं नाव दिलं. पाटीवर बहिणाबाई आणि घरात त्यांच्या बोलीची लाज, हे कसं चालायचं?

असो. आत्या, काकू, हे तुम्हालाही लागू आहे बरं का. दिवाळीला येतोय. फटफटीवरच येतोय.