मोडण्यासाठी एक संगणक हवा

मागे एकदा एका शाळेचा संगणक-कक्ष पाहण्याचा योग आला. खोली स्वच्छ, पडदे लावलेले, संगणक ओळीने मांडलेले. दारावर पाटी होती : 'परवानगीशिवाय कोणतेही सेटिंग बदलू नये.' आत मुले टंकलेखनाचा सराव करीत होती. आठवीतल्या एका मुलाला मी विचारले, "याच्या आत काय चालते ते कधी उघडून पाहिलेस का रे?" तो हळूच म्हणाला, "नाही सर. बिघडला तर घरून पैसे भरून घेतात."

मला त्याचा राग आला नाही, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांचाही नाही. एक संगणक बंद पडला की पुढच्या तासाला तिघांना एकावर बसावे लागते आणि दुरुस्तीला माणूस कधी येईल याचा भरवसा नसतो. पण रसायनाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतातच ना? फुटतील म्हणून त्या कपाटात कुलूपबंद ठेवल्या, तर त्या खोलीला प्रयोगशाळा कोण म्हणेल? तेव्हा संगणक-कक्षात परीक्षानळीची जागा कोण घेईल, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच सापडले आहे.

१९६४ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांचे सहकारी एका कामाला लागले. त्या काळी एक संगणक खोलीभर जागा व्यापी, आणि तो वापरू इच्छिणारे मात्र अनेक. त्यांनी 'सीपी-४०' नावाची प्रणाली रचली. १९६७ मध्ये ती वापरात आली. ती एकाच यंत्रातून डझनभराहून अधिक आभासी यंत्रे निर्माण करी, आणि प्रत्येकाला वाटे की सारा संगणक आपलाच आहे. एकाने आपले यंत्र बंद पाडले तरी शेजाऱ्याला त्याचा पत्ता नसे.

यालाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक म्हणतात. खऱ्या संगणकाला यजमान आणि त्याच्या पोटात चालणाऱ्या आभासी संगणकाला पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे. पाहुण्याला वाटते आपल्याला स्वतःची हार्ड डिस्क आहे. वास्तविक ती यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. त्याला दिलेली मेमरी म्हणजे यजमानाने आपल्यातून काढून दिलेला वाटा. साऱ्या यंत्रावर परिणाम करील अशी एखादी आज्ञा पाहुण्याने दिली, तर देखरेख करणारी प्रणाली ती मध्येच अडविते आणि त्याच्यापुरतीच पार पाडते. हे काम सोपे व्हावे म्हणून इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरांतच तशी सोय केली. पुष्कळ संगणकांत ती असूनही बायॉसमध्ये बंद ठेवलेली असते, हे मात्र प्रथम तपासावे.

"आमचे संगणक जुने आहेत," असे शिक्षक म्हणतील. असू देत. आठ जीबी मेमरीच्या साध्या संगणकावर, चित्रमय पडदा न घेता, डेबियन लिनक्सचे तीन पाहुणे प्रत्येकी एक जीबीत सुखाने राहतात. एकावर संकेतस्थळ, दुसऱ्यावर माहितीचा साठा, तिसरा ग्राहक. तिघांना आपसात जोडणारे अंतर्गत जाळे दिले की छोटी प्रयोगशाळा उभी राहिली. व्हर्च्युअलबॉक्स आणि लिनक्स या दोन्हींना पैसे पडत नाहीत.

मग मोडतोड कशी चालते ते ऐका. माझ्याकडे रविवारी काही मुले येतात. लिनक्समध्ये फाइलींना परवानग्या असतात आणि त्या 'सीएचमॉड' या आज्ञेने बदलता येतात. एका मुलाने मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने त्या आज्ञेचीच चालण्याची परवानगी काढून घेतली! आता परवानगी परत द्यायची कशाने? किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी ओढून घ्यावी, तशातला प्रकार.

आभासी संगणकात 'स्नॅपशॉट' घेता येतो, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवता येते. एक कळ दाबली की बिघाड नाहीसा. मुलगा तीच दाबणार होता. मी त्याचा हात धरला. स्नॅपशॉट ही मोठी सोय आहे, पण लगेच मागे गेले की बिघाडाबरोबर त्याचे कारणही पुसले जाते. निदान अर्धा तास तरी डोके खाजवावे, असे माझे मत आहे. शेवटी एका मुलीला सुचले. तिने चालू शकणाऱ्या दुसऱ्याच एका आज्ञेची प्रत केली, तिच्यातला मजकूर काढून त्या जागी सीएचमॉडचा मजकूर ओतला. प्रतीची परवानगी कायम राहिली आणि आतला प्राण बदलला. त्या प्रतीनेच तिने मूळ आज्ञेला परवानगी परत मिळवून दिली. परवानगी फाइलीच्या मजकुरात नसते, बाहेर वेगळी नोंदलेली असते, हे फळ्यावर शिकवायला मला आणखी एक रविवार लागला असता.

अर्थात ही पेटी सर्वस्वी बंद नसते. यजमानाचे एखादे फोल्डर पाहुण्याला वाटून दिले, तर पाहुण्यातून केलेली पुसापुशी खऱ्या फाइलींवर होते. पाहुण्याला शाळेच्या जाळ्यात थेट सोडले, तर त्याचा उपद्रव इतरांना पोहोचतो. म्हणून या दोन वाटा आरंभी बंदच ठेवाव्यात. शिक्षकांनी मुलांवर पहारा ठेवण्याऐवजी एवढे दोन सेटिंग सांभाळावेत, आणि दारावरच्या पाटीत 'यजमानाचे' हा एक शब्द वाढवावा. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात. डिस्क गेली की तेही गेले. नीट जमलेल्या पाहुण्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती बाईंच्या कपाटात ठेवावी. कुलूप तिला लावावे.