'जात विसरा, फक्त अभ्यास करा' : एक खोटा सल्ला आणि काही खरे

निकाल लागले, प्रवेश झाले. वस्त्यावस्त्यांत गुणवंतांचे सत्कार झाले. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, फोटो. आता आपली पोरं-पोरी बॅगा उचलून पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत निघाली आहेत. पहिल्या दिवशी सभागृहात त्यांना सांगितलं जाईल, "इथे सगळे समान आहेत. जात गेटबाहेर ठेवा आणि फक्त अभ्यास करा." टाळ्या पडतील. आणि त्याच दुपारी ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क सगळ्यांच्या देखत ओरडेल, "स्कॉलरशिपवाले वेगळ्या लायनीत उभे राहा!"

आमचा पहिला वाद या सल्ल्याशी आहे. जात विसरायची कोणी? तुमची रँक विचारून, मग आडनाव विचारून, मग गालात हसणाऱ्याने की तुम्ही? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ च्या जुलैत झाला. ते नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या साडेपंधरा वर्षांत आपल्या वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली. एका पाटीवर नाव यायला जिथे एवढी किंमत मोजावी लागली, त्या व्यवस्थेच्या वर्गांतून जात आपोआप निघून गेली असं मानणं हा भोळेपणा आहे, आणि तो आपल्याला परवडत नाही.

म्हणून नव्याने आलेल्या भावा-बहिणींनो, टाळ्या संपल्यावर आम्ही सांगतो ते ऐका.

पहिली गोष्ट कागदांची. कागद म्हणजे राजकारण आहे, हे आधी डोक्यात घ्या. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुन्हा जायला १९२० साल उजाडलं, तेही प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेल्या पैशावर आणि शाहू महाराजांसारख्यांच्या मदतीवर. पैसा थांबला की शिक्षण थांबतं, मग विद्यार्थी कितीही मोठा असो. रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ ला जाताना मागे ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता, हे आपण विसरता कामा नये.

तेव्हा जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, टीसी, गुणपत्रिका, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, या सगळ्यांच्या पाच-पाच झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन आजच करून ठेवा. मूळ कागद पडताळणीला दाखवायचे आणि परत घ्यायचे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका, असं यूजीसीने २०१८ मध्येच संस्थांना बजावलं आहे. कोणी "राहू द्या आमच्याकडे" म्हणालं तर लेखी मागा. लेखी मागितलं की निम्मी अरेरावी तिथेच गळते.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर राज्याची शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्काची योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. पण अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग समाजकल्याणकडे. आमच्या माहितीतल्या एका मुलीचा अर्ज वर्षभर कॉलेजच्या लॉगिनलाच पडून राहिला. तिकडे आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली. वर्षअखेरीस क्लार्क म्हणाला, "तू येऊन सांगायला हवं होतंस ना!" म्हणजे काम त्याचं, पगार त्याचा, आणि चूक आपल्या पोरीची. म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती बघा, स्क्रीनशॉट काढा, आणि अडकला असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या.

बँक खातं नुसतं आधारशी जोडलेलं असून भागत नाही. सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं बँकेत जाऊन सीडिंग करून घ्या. केंद्राचा वाटा थेट तुमच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम कॉलेजची आहे. ती लगेच भरा आणि पावती जपून ठेवा. त्या पैशाचा मोबाइल घेतला आणि पुढे परीक्षेचा फॉर्म अडला, तर तो दोष मनुवाद्यांचा नव्हे, आपला. प्रवेशालाच कोणी पूर्ण फी मागितली तर लक्षात ठेवा, केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र विद्यार्थ्याला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर निराश होऊन गावी परतू नका. स्वाधार योजनेचा अर्ज भरा. ती योजना अशांसाठीच आहे.

तिसरी गोष्ट अपमानाची. टोमणे पचवणं म्हणजे समजूतदारपणा नव्हे. २०१२ च्या यूजीसी विनियमांनुसार संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. पहिल्याच महिन्यात त्या अधिकाऱ्याचं नाव शोधून काढा. नाव सापडलं नाही तर तीच पहिली तक्रार. जातीवरून छळ हाही रॅगिंगच आहे. त्यासाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. लोकांदेखत जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा कॉलेजच्या गेटबाहेर थांबत नाही. कधी, कुठे, कोण काय बोललं, समोर कोण होतं, हे त्याच रात्री वहीत लिहा. तक्रार तोंडी नको. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांत माहिती अधिकार आहे, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आणि एकटे राहू नका. डॉ. पायल तडवीची आठवण ठेवा. आपल्या पोरांना एकटं पाडूनच मारलं जातं. जीव गुदमरत असेल तर रूमचं दार लावून बसू नका. मित्राला, घरी, सीनियरला, डॉक्टरला सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट अभ्यासाची, आणि इथे आम्ही कडक बोलणार आहोत. इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसू नका. इंग्रजी ही बुद्धी नव्हे, सवय आहे, आणि सवय वर्षभरात लागते. पहिल्या दोन बाकांवर बसा, रोज एक प्रश्न विचारा, लायब्ररीत बुक बँक आहे का ते विचारा, हजेरी सांभाळा. विद्यापीठात गेल्या गेल्या मोर्चा, बैठक, बॅनर यांत गुंतून पहिल्याच सत्रात चार विषय राहिले तर ती क्रांती नव्हे, एटीकेटी आहे. जे सीनियर तुमच्याकडे फक्त गर्दी म्हणून बघतात, तुमचा निकाल कधी विचारत नाहीत, ते भीमसैनिक नव्हेत, कंत्राटदार आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ बाबासाहेबांच्या लेखनाचं वाचन मंडळ चालवा. दहा जण पुरेत. संघटना तिथून उभी राहते.

आता दुसरा वाद, आपल्याच लोकांशी. जयंतीला डीजेसाठी वर्गणी जमते, पण प्रवेशाच्या हंगामात विद्यापीठाच्या गेटवर मदतीचं एक टेबल लागत नाही. नोकरीला लागलेला दादा स्टेटसला निळा झेंडा ठेवतो, पण गावातून आलेल्या पोराला चार दिवस रूमवर राहू देत नाही. काही जण म्हणतात, "अर्ज भरून देणं ही समाजसेवा झाली, चळवळ मोठ्या प्रश्नांसाठी असते." आम्ही विचारतो, बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलं, ते लहान काम होतं का? राज्यघटनेसारखा मोठा प्रश्न हाताळणारा माणूस संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालयासाठीही वेळ देत होता. आपण त्याहून मोठे झालो काय?

अर्ज न भरल्यामुळे घरी परतलेला प्रत्येक विद्यार्थी हा व्यवस्थेचा विजय आहे, आणि त्यात आपल्या आळसाचा वाटा आहे. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हे भिंतीवर लिहून झालं. आता ते खिडकीवर करून दाखवायचं आहे. पुढच्या सोमवारपासून आपल्या शहरातल्या एका तरी कॉलेजबाहेर दोन खुर्च्या, एक लॅपटॉप आणि झेरॉक्सचे शंभर रुपये घेऊन बसा. आम्ही बसतोय.

आणि नव्या पोरापोरींनो, वेगळ्या लायनीत उभं केलं तर मान खाली घालू नका. त्या लायनीत तुमच्या पुढे कधीकाळी बाबासाहेब उभे होते.

जयभीम!