जपानी भाषा : गुणांसाठी की ज्ञानासाठी?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पालक आमच्याकडे येतात व विचारतात, "गुरुजी, अकरावीस मुलाने दुसरी भाषा कोणती घ्यावी?" इंग्रजी आवश्यकच आहे, परंतु दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत यांप्रमाणेच, जेथे शिकविण्याची सोय आहे तेथे, जर्मन, फ्रेंच वा जपानीही घेता येते. लगेच पुढचा प्रश्न येतो, "जपानीत गुण अधिक पडतात काय?" या प्रश्नाविषयीच चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

जपानी भाषा मराठी मुलास वाटते तितकी परकी नाही. 'मी पाव खातो' हे वाक्य जपानीत 'वाताशी वा पान ओ ताबेमासु' असे होते. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी, आणि नामामागून प्रत्ययासारखे शब्द. ही आपलीच रीत होय. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन पुढे का, सा, ता, ना या क्रमाने जाते. बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेल्या भारतीय वर्णविद्येचा तो संस्कार आहे.

तथापि येथवरची वाट सोपी, पुढे चढण आहे. हिरागाना व काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे काही आठवड्यांत येतील. परंतु नित्य वापरासाठी ठरविलेली चित्राक्षरे २,१३६ आहेत. केवळ गुणांसाठी जपानी घेणारा विद्यार्थी पहिल्या पायरीवरच थांबतो व परीक्षा संपताच तेही विसरतो. पाणी लागण्यापूर्वीच सोडलेल्या विहिरीचा उपयोग काय, हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको.

गुणांची चिंता गरीब पालकास का वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखांचे प्रवेश आज मुख्यत्वे स्वतंत्र प्रवेशपरीक्षांवर होतात, आणि त्यांत भाषेचे गुण धरले जात नाहीत. मग ज्या लाभासाठी मुलाने मराठी सोडावी, तो लाभ पुष्कळांच्या बाबतीत नसतोच.

याउलट एक उदाहरण पाहा. ज्या जिल्ह्यातून आपला जालना जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, त्यातील गाडिवाट या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांस विचारले की, कोणती परभाषा शिकाल? बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना यंत्रमानवाच्या विद्येची ओढ होती. त्यांच्यापुढे महाविद्यालयाची अट नव्हती, जिज्ञासा होती. खेड्यास चांगला रस्ता नव्हता, तरी आंतरजालावरून त्यांचे पाठ चालले.

भाषा अशीच येते. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. जपानात वैद्यकीय सेवेस गेलेले मिशनरी हेपबर्न यांचा जपानी-इंग्रजी कोश १८६७ साली. दोघांनीही परक्या लोकांची भाषा आपलीशी करण्यात वर्षे वेचली.

म्हणून आमचा सल्ला असा. बारावीनंतरही जपानी सोडणार नाही, असा ज्याचा निश्चय असेल त्याने ती अवश्य घ्यावी. एन-५ पासून एन-१ पर्यंतच्या पाच पायऱ्यांची जपानी भाषेची परीक्षा पुण्यातही होते, व तीस महाविद्यालयाच्या अटीची गरज नाही. ज्यास केवळ अट पुरी करावयाची आहे त्याने मराठीच घ्यावी, आणि ती मनापासून अभ्यासावी. पालकहो, यापुढे "गुण किती?" असे विचारण्याआधी मुलालाच विचारा, "बाळा, ही भाषा शिकून तुला कोणाशी बोलावयाचे आहे? काय वाचावयाचे आहे?" त्याचे उत्तर ऐकून मगच अर्ज भरावा.