चेहऱ्याचे छायाचित्र

तुम्ही काढलेले छायाचित्र कुणाला दाखवता? घरचे लोक ‘छान!’ म्हणतात. त्याने मन सुखावते, पण हात सुधारत नाही.

जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कोलकात्यात झाला. पुढे इंग्लंडमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने त्यांना कॅमेरा भेट दिला. आपली छायाचित्रे त्या चित्रकार वॉट्स यांना दाखवीत, त्यांचा सल्ला घेत. ‘चित्रे अंधुक आहेत’ ही इतरांची टीका मात्र त्यांनी मानली नाही. मला त्यांचे दोन्ही वागणे पटते.

तुम्हीही नेमके विचारा. डोळे स्पष्ट दिसतात का? मागची खिडकी खटकते का? आणि ज्याचा चेहरा आहे, त्याला सर्वांत आधी दाखवा. त्याला आवडले नाही, तर इतरांना दाखवू नका.