जुने दप्तर आणि नवा दुभाष्या

जमिनीचे खरेदीखत रीतसर नोंदविले, रक्कम मोजून दिली, आणि तरीही सातबाऱ्यावर नाव राहिले ते विकणाराचेच, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर आलेला आहे. तेवढ्या अवधीत तीच जमीन दुसऱ्यास विकली गेली अथवा तिजवर कर्ज निघाले, तर खरेदीदाराने कोर्टाची पायरी चढावयाची! कारण इतकेच की, दुय्यम निबंधकाचे दप्तर वेगळे आणि तलाठ्याचे वेगळे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ ने निबंधकाने तलाठ्यास वर्दी द्यावी असे ठरविले. परंतु कागदी वर्दी पोहोचेल तेव्हा खरी. आता नोंदणीची ‘आय-सरिता’ व फेरफाराची ‘ई-फेरफार’ या प्रणाली जोडलेल्या असल्यामुळे ती संगणकावरूनच जाते. हरकतीची १५ दिवसांची मुदत मात्र कायम आहे, व ती असावी हेच आम्हांस योग्य वाटते.

अशाच जोडकामाची गरज लहान संस्थांसही पडते. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्या अहिल्यानगर जिल्ह्यात पतसंस्था व दूधसंस्था गावोगाव आहेत. अशा संस्थांचे जुने हिशेब पुष्कळदा फॉक्सप्रोत ठेवलेले असतात. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ सालची. २०१५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तिचा आधारही काढून घेतला. म्हणून ती टाकून द्यावी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते पटत नाही. सभासदांचे हप्ते, वारसांची नावे, सारे तीतच आहे.

अडचण येते ती बाहेरील सेवेशी बोलताना. ही सेवा बहुधा जावा भाषेत लिहिलेली असते. (१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या भाषेचे नाव कॉफीवरून पडले आणि कॉफीचे बेटावरून!) जावाबरोबर पूर्वी जुन्या दप्तरांसाठी एक तयार सेतू मिळत असे, २०१४ च्या आठव्या आवृत्तीत तो काढून टाकला. सबब सेतूवर विसंबण्यापेक्षा दुभाष्या ठेवावा हे बरे. जुन्या प्रणालीने आपली मागणी एका स्वतंत्र तक्त्यात लिहावी. लहानशा जावा प्रोग्रामने ती उचलून बाहेर विचारावी आणि उत्तर त्याच तक्त्यात आणून ठेवावे. मूळ खतावणीस परक्याचा हात लागत नाही.

दुभाष्यास अर्थही कळला पाहिजे. ०३/०४ म्हणजे कोणास ३ एप्रिल, तर कोणास ४ मार्च. जुन्या फाँटातील मराठी नाव युनिकोडमध्ये आणल्यावाचून बाहेर वाचता येत नाही. जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले. २०११ च्या जनगणनेतील त्याचा ५२२ हा अंक नावावर अवलंबून नाही. म्हणून ओळख अंकाने पटवावी, नावाने नव्हे.

सर्वांत घातक म्हणजे मौन. दुधाचे पैसे खात्यावर जमा झाले, पण पोच वाटेतच हरवली. जुनी प्रणाली समजते की काम झालेच नाही, आणि तीच मागणी पुन्हा धाडते. पैसे दोनदा जातात, किंवा गरीब सभासदाचा हप्ता दोनदा कापला जातो. यास्तव प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास बाहेरील सेवेने नवा व्यवहार न करता पहिलेच उत्तर परत करावे. ज्या संस्थेत आपली ठेव आहे तेथील चालकांस वाचकांनी खुशाल विचारावे की, जोडकाम ताब्यात घेण्यापूर्वी मागणी गेल्यावर मुद्दाम तार तोडून पाहिली होती काय, आणि तेव्हा खतावणीत नोंदी किती पडल्या.