इंजिन चकाचक झालं, पण कुणाच्या जिवावर?

परवा वडिलांच्या पद्मिनीचा फोटो टाकला तर दोनशेच्या वर लाईक आले. "इंजिन तर नव्यासारखं दिसतंय", "कुणाकडून केलं?", "किती खर्च आला?" असे मेसेज अजून येतायत. सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, पण घरात जुनी गाडी असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा, कारण पाणी आपण एकाच नदीचं पितो.

गाडी १९७९ ची. प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. आमच्या पिढीला हिचं कौतुक वेगळं सांगायला नको. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. त्याच उमाळ्यात मी ठरवलं की वडिलांची गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही, इंजिन खोलायचं.

आणि पहिली चूक मीच केली. दिवाळीच्या आत गाडी चालू पाहिजे म्हणून शहरातल्या एका गॅरेजवाल्याच्या मागे लागलो. "लवकर करा आणि चकचकीत करा," एवढंच सांगितलं. त्यानं हेड, ब्लॉक, टॅपेट कव्हर, सगळं एकाच पिंपात कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं. रात्रभर.

आता इथं थोडं थांबून समजून घ्या. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. हेड ॲल्युमिनियमचं. कॉस्टिकमध्ये बीड टिकतं, चिकटलेलं जुनं तेल आणि काजळी सुटून येते. पण ॲल्युमिनियमला कॉस्टिक लागलं की फसफसून हायड्रोजन वायू निघतो आणि धातूच खाल्ला जातो. सकाळी हेड बाहेर काढलं ते काळंठिक्कर, आणि गॅस्केट बसतं त्या तोंडावर बारीक बारीक खड्डे. तसंच बसवलं असतं तर गॅस्केटमधून पाणी फुटून तेलात गेलं असतं आणि सगळ्या इंजिनाची वाट लागली असती.

पण हेडपेक्षा मोठं नुकसान मी त्या सकाळी बघितलं. पार्ट उचलणाऱ्या पोराचं वय जेमतेम अठरा. हातात मोजे नाहीत. कॉस्टिकनं हात आधी साबण लागल्यासारखे बुळबुळीत होतात, म्हणून कळतच नाही, कातडी जळलेली नंतर समजते. त्याच्या बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली होती. मी विचारलं तर म्हणाला, "सवय आहे काका." आणि माझ्यासमोर त्यानं ते अख्खं पिंप बाहेरच्या गटारात ओतलं. गटाराचं पाणी नाल्यात, नाल्याचं पंचगंगेत. आणि उन्हाळ्यात मेलेल्या माशांचे फोटो टाकून "प्रशासन झोपलंय" असं लिहिणाऱ्यांत मी पहिला असतो.

त्या दिवसापासून ठरवलं की काम सावकाश करायचं. हेड उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेलं. त्यांनी सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून तपासलं, फेसिंग मारून दिलं आणि बजावलं, "ह्यावेळी वाचलं. दरवेळी फेसिंग मारलं की जाडी कमी होते. हेड काय साबण नव्हं, घासून घासून वापरायला."

बाकीचे पार्ट मी त्यांच्याच शेडमध्ये बसून, त्यांना विचारत विचारत साफ केले. सहा रविवार गेले. त्यांची पद्धत सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी लोहचुंबक. चिकटला तर लोखंड किंवा बीड, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, जस्त किंवा पितळ. दोन ढीग वेगळे, दोन्हींची औषधं वेगळी. चिखल आणि तेलाचा थर आधी लाकडी पट्टीनं खरवडायचा, मग डिझेल आणि ब्रश. पेट्रोल नाही, एका ठिणगीनं शेड जाईल. ॲल्युमिनियमवर लोखंडी ब्रश नाही, पितळी किंवा नायलॉनचा. गंजलेले लोखंडी ब्रॅकेट आणि बोल्ट सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात काही तास, अधूनमधून बघत राहायचं. बाहेर काढले की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचे, कोरडे करायचे आणि लगेच तेलाचा हात. उशीर केला तर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं म्हणून समजा. नुसती हवा मारायची.

जुनं हेड गॅस्केट सुकं घासायचं नाही. त्या काळच्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं करून हळूच काढायचं.

आणि वाळू मारणं. "सँडब्लास्ट करून आणतो, तासात नवं," असं सांगणारे भेटतात. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत अडकला की बेअरिंग गेलं. त्याहून वाईट म्हणजे ती धूळ मारणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. त्या आजाराचं नाव सिलिकोसिस, आणि त्यावर इलाज नाही. ब्रिटननं ब्लास्टिंगसाठी वाळू वापरायला १९४९ सालीच बंदी घातली. आपल्याकडे अजून तोंडाला रुमाल बांधला की झालं.

आता मुद्द्यावर येतो. काही जण म्हणतील, "नदी काय गॅरेजवाल्यांनी घाण केली? अख्ख्या शहराचं सांडपाणी दिसत नाही का?" दिसतं. बरोबरच आहे. पण म्हणून कॉस्टिक आणि काळं तेल गटारात ओतायची मुभा मिळत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही आली आहे. कागदावर सगळं आहे. पण दोन कामगारांच्या गॅरेजवाल्यानं महिन्याचं वीस-तीस लिटर तेल घेऊन जायचं कुठं? ते त्याला कुणी सांगितलंय?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. महापालिकेनं गॅरेजची वस्ती आहे तिथं एक शेड द्यावी. जळकं तेल, धुतलेलं डिझेल आणि कॉस्टिक, तिन्हींना वेगळे ड्रम. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या माणसाची गाडी आठवड्यातून एकदा येऊन घेऊन जावी. यासाठी कोटींचा प्रकल्प लागत नाही. आयटीआयनं चालू गॅरेजमधल्या पोरांसाठी रविवारचा छोटा वर्ग घ्यावा: धातू कसा ओळखायचा, कुठलं रसायन कशाला, हातमोजे आणि चष्मा का. जे मेस्त्री हे सगळं जाणतात ते सत्तरीला टेकलेत. त्यांनाच शिकवायला बोलवा आणि मानधन द्या.

आणि आपण मालक लोक? आपण चकाकीचे पैसे देतो, सफाईचे देत नाही. पाच हजाराचं पॉलिश बिनबोभाट, आणि पोरानं दोन दिवस पार्ट घासले म्हणून हजार रुपये मागितले तर घासाघीस. घाई आपण करतो, म्हणून तो कॉस्टिकचं पिंप पेटवतो. माझ्या हेडवरचे खड्डे माझ्याच घाईचे होते, हे मी कबूल करतो.

त्या पोराला मी नंतर रबरी हातमोजे नेऊन दिले. घालतो की नाही, माहीत नाही. पुढच्या वेळी कामाला गाडी टाकताना आधी विचारणार आहे: काय वापरणार, कोण करणार, आणि पाणी कुठं ओतणार? तुम्हीही विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याला विचारावं लागत नाही.

गाडी दिवाळीला नाही, मकर संक्रांतीला चालू झाली. वडील शेजारच्या सीटवर बसले होते. रंकाळ्याला एक फेरी मारली. आवाज ऐकून म्हणाले, "टॅपेट जरा वाजतंय रे." म्हणजे काम अजून बाकी आहे.

पटलं तर शेअर करा. आपल्या प्रभागातल्या इच्छुकांना टॅग करा. आणि तुमच्या भागात जुनं तेल रीतसर गोळा करणारं कुणी असेल, तर कमेंटमध्ये जरूर सांगा.