नांवाचा योगक्षेम

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक पत्र लिहावें कीं न लिहावें, ह्यावर चार दिवस वाद चालला होता. विषय वरवर पाहतां क्षुल्लक. परंतु विचार करूं लागल्यावर तो दिसला तितका क्षुल्लक नाहीं अशी खात्री झाली, म्हणून ह्या खेपेस तोच वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमच्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एक उंची परदेशी मोटार घेतली. तिच्या कारखान्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पुढें ज्या कारखान्याची हकीकत यावयाची आहे, त्याची ती नव्हे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. नांव मोठें, चित्रें मोहक, आणि गुळगुळीत कागदावर छापलेला पूर्वजांचा इतिहास सोबत. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सारे अण्णा म्हणतात, त्यांनीं आपल्या निवृत्तीच्या शिलकेंतील बरीचशी रक्कम आनंदानें मुलाच्या हातीं ठेविली. पहिल्या दसऱ्यास मोटारीला झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दसऱ्यास मोटार दुरुस्तीच्या कारखान्यांत होती, आणि तिच्यासाठीं ओंवलेली माळ वहिनींनीं मुकाट्यानें तुळशीला घातली.

पुतण्या हें कोणास सांगेना. विचारलें कीं, "नेहमींची तपासणी आहे," म्हणे. अखेर बिलाचा कागद वहिनींच्या हातीं लागला, तेव्हां बिचाऱ्यानें मन मोकळें केलें. "काका, मीं एकदां तक्रार केली होती. तेथील गृहस्थ हंसून म्हणाले, एवढ्या मोठ्या नांवाची गाडी. दोष गाडींत नसेल, चालविण्यांत असेल. त्यानंतर मी बोललोंच नाहीं." अण्णांचें म्हणणें असें पडलें कीं, शंभर वर्षांच्या घराण्याला तक्रारीचें पत्र लिहिणें शोभत नाहीं, आणि मोटार आपणच हौसेनें घेतली असतां आपलें हंसें चव्हाट्यावर कशाला मांडावें? वहिनींनीं एकाच वाक्यांत उत्तर दिलें, "पैसे मोजतांना संकोच वाटला नाहीं, मग जाब विचारतांना कां वाटावा?" निवाडा माझ्याकडे आला.

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक जोडशब्द आहे. आपण तो चरितार्थ ह्या अर्थानें सर्रास वापरतों. पण मुळांत त्याचे दोन भाग निरनिराळे आहेत. जें जवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. धनाला हीं दोन्ही लागतात, हें प्रत्येक गृहस्थ जाणतो. नांवालाही तीं तशींच लागतात, हें मात्र आपण विसरतों. पूर्वजांनीं एकदां नांव मिळवून ठेविलें म्हणजे तें वतनाप्रमाणें आपोआप चालत राहतें, अशी आपली समजूत असते. ती किती खोटी आहे, हें दाखविण्यास जग्वार ह्या इंग्रजी मोटारीच्या घराण्याइतकें उत्तम उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं. शिवाय त्या घराण्याची मालकी २००८ सालापासून आपल्या मुंबईच्या टाटांकडे असल्यामुळें ती कथा आपणांस सर्वस्वी परकीही नाहीं.

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्लॅकपूल म्हणून शहर आहे. तेथें १९२२ सालीं विल्यम लायन्स व विल्यम वॉम्सली ह्या दोन तरुणांनीं मोटारसायकलीच्या बाजूस जोडावयाच्या बैठकी बनविण्याचा धंदा काढला. लायन्सचें वय तेव्हां अवघें एकवीस वर्षांचें होतें. दोघांच्या वडिलांनीं बँकेस १,००० पौंडांची हमी दिली, तेव्हां कोठें कामास आरंभ झाला. वडिलांच्या शिलकेचा आधार तेथेंही होताच! पुढें ऑस्टिनच्या लहान मोटारीच्या इंजिनावर व चाकांवर हे लोक आपल्या पसंतीची देखणी बांधणी चढवूं लागले, आणि १९२८ सालीं त्यांनीं आपलें बिऱ्हाड कॉव्हेन्ट्री ह्या मोटारींच्या गांवीं हलविलें.

जग्वार हें नांव १९३५ सालीं आलें. त्या वर्षीं लंडनांत नवी मोटार प्रथम दाखवितांना लायन्सनें जमलेल्या मंडळींस तिच्या किमतीचा अंदाज करावयास सांगितलें. अंदाजांची सरासरी ६०० पौंडांच्या वर गेली. प्रत्यक्ष किंमत ४०० पौंडांच्या आंत होती. सरदाराचा थाट आणि वकील-डॉक्टरांस झेपेल अशी किंमत, ह्या मेळांतच त्या घराण्याच्या कीर्तीचें बीज आहे. कंपनीचें तोंवरचें नांव ‘एस्. एस्.’ असें होतें. पण तीं अक्षरें हिटलरच्या कुप्रसिद्ध दलाचीं असल्यामुळें १९४५ सालीं तीं टाकून कंपनीनेंही जग्वार हेंच नांव धारण केलें.

युद्धकाळांतील एक गोष्ट मला फार आवडते. बाँबहल्ल्यामुळें लागणाऱ्या आगींवर नजर ठेवण्यासाठीं कारखान्यांत रात्रीं पहारा करावा लागे. त्या पहाऱ्याच्या रात्रीं लायन्स आणि हेन्स, हॅसन व बेली हे त्याचे यंत्रज्ञ युद्ध संपल्यावर करावयाच्या इंजिनाची चर्चा करीत बसत. त्यांतून सहा सिलिंडरांचें जें इंजिन निघालें, तें १९४८ सालीं ‘एक्सके १२०’ ह्या मोटारींत बसलें आणि पुढें १९९२ पर्यंत ह्या ना त्या गाडींत चालत राहिलें. फ्रान्सांत ल मान्स येथें चोवीस तासांची अखंड शर्यत होते. ती ह्या घराण्याच्या मोटारींनीं १९५१ ते १९५७ ह्या सात वर्षांत पांच वेळां जिंकली. १९५३ च्या विजयांत चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीस दोन्ही बाजूंनीं चिमटीत धरणारे नवे ब्रेक त्यांच्या फार कामीं आले. आज तसलेच ब्रेक घरोघरच्या मोटारींत असतात. १९६१ सालीं जिनेव्हा येथें ‘ई-टाइप’ आणि १९६८ सालीं ‘एक्सजे ६’ लोकांपुढें आली. दोन्ही गाड्या सौंदर्याचा आदर्श म्हणून अद्याप वाखाणल्या जातात.

येथवर योगाची कथा झाली. आतां क्षेमाची.

१९६६ सालीं लायन्सनें आपला कारखाना ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ह्या मोठ्या संस्थेशीं जोडला, आणि दोनच वर्षांत ब्रिटिश लेलँड ह्या अवाढव्य कुटुंबांत तो सामील झाला. १९७२ सालीं लायन्स निवृत्त झाला. १९७५ सालीं तें सारें कुटुंब सरकारच्या पदरीं आलें. एकत्र कुटुंबाचे गुण मी जाणतों, आणि त्याचा दोषही जाणतों: जें सर्वांचें काम, तें कोणाचेंच नसतें. जग्वारचें स्वतंत्र कारभारी मंडळ उरलें नाहीं. कारखाना हा एका मोठ्या पसाऱ्यांतील विभाग झाला. संप वाढले, कामांत जीव राहिला नाहीं. रंगाचें काम इतकें बिघडलें कीं, १९७९ सालीं आलेली नवी ‘एक्सजे’ आरंभीं मोजक्याच रंगांत मिळे.

मोटारीचें रूप पूर्वींचेंच होतें. पण उष्ण हवेंत इंजिन तापे, विजेच्या जोडण्या दगा देत, कळ दाबावी तर दिवा लागत नसे. विजेचें बरेंचसें सामान लूकस कंपनीचें असे. त्या कंपनीच्या संस्थापकास इंग्रज मोटारवाले थट्टेनें ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत! अमेरिकेंत तर असा विनोद रूढ होता कीं, जग्वार घेणाऱ्यानें दोन घ्याव्यात: एक चालविण्यास, दुसरी दुरुस्तींत ठेवण्यास. विनोद हा पुष्कळदां निराश माणसाची तक्रार असतो. तक्रार ऐकणारा कोणी उरला नाहीं, म्हणजे तिची थट्टा होते. आणि थट्टा जुनी झाली म्हणजे गिऱ्हाईक एक शब्द न बोलतां दुसऱ्या दुकानाची पायरी चढतें. १९८० सालीं साऱ्या अमेरिकेंत जग्वारच्या सुमारें ३,००० गाड्या काय त्या खपल्या. ल मान्सचे पांच विजय खोटे झाले नव्हते. पण ते बंद पडलेली मोटार सुरू करूं शकत नव्हते.

त्याच १९८० सालीं जॉन ईगन नांवाचा नवा मुख्य अधिकारी आला. कारखाना बंद करावा कीं काय, ह्या थरास गोष्ट आली होती. ह्या गृहस्थानें पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे गात न बसतां प्रथम तक्रारी गोळा केल्या. गाडी घेतलेल्या लोकांस दूरध्वनीवरून गांठून काय बिघडलें तें विचारण्याची पद्धत घातली; जर्मन गाड्या घेणाऱ्यांसही तेच प्रश्न विचारले, म्हणजे आपण कोठें उणे पडतों तें कळावें. अशी सुमारें दीडशें दोषांची यादी तयार झाली. पाहतां पाहतां असें आढळलें कीं, अर्ध्याहून अधिक दोष बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांत आहेत. तेव्हां पुरवठादारांस बोलावून बजावण्यांत आलें कीं, तुमचा भाग ठराविक प्रमाणापेक्षां अधिक वेळां निकामी झाला, तर दुरुस्तीचा खर्च तुम्हीं सोसावयाचा. कामगारांच्या लहान लहान मंडळ्या करून एकेक दोष त्यांच्याकडे सोंपविला. विक्रेत्यांपैकीं जे बेपर्वा होते, त्यांस निरोप देण्यांत आला.

फळ काय मिळालें? १९८४ सालीं अमेरिकेंतील खप सुमारें १८,००० गाड्यांवर गेला, आणि त्याच वर्षीं कंपनी सरकारच्या हातून सुटून पुन्हां स्वतंत्र झाली. वृद्ध लायन्स १९८५ च्या फेब्रुवारींत वारला; आपण मिळविलेलें नांव पुन्हां उभें राहिलेलें त्यास डोळ्यांनीं पाहतां आलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, विकली जात होती ती मुख्यतः जुन्याच घाटाची गाडी. नव्यानें आली ती ऐकून घेण्याची संवय.

त्यानंतर १९८९ सालीं हें घराणें अमेरिकेच्या फोर्डनें घेतलें, आणि २००८ सालीं लँड रोव्हरसह २३० कोटी डॉलरांस टाटा मोटर्सनें. २०११ सालीं आमच्या पुण्यांत ह्या जोडघराण्याच्या गाड्यांची जोडणीही सुरू झाली. तीन वर्षें वापरलेल्या गाड्यांच्या मालकांस विचारून अमेरिकेंत जी एक पाहणी दरवर्षीं होते, तींत २००९ सालीं जग्वारनें ब्यूइकच्या बरोबरीनें पहिला क्रमांक मिळविला. अर्थात् त्या गाड्या फोर्डच्या अमदानींत घडलेल्या होत्या. तेव्हां जग्वार म्हणजे खोडकर गाडी, हा शिक्काही कायमचा नव्हे.

पण विजयही कायमचा नव्हे. २०१८ सालीं ह्या घराण्याची ‘आय-पेस’ ही विजेवर चालणारी मोटार आली. पुढच्याच वर्षीं तिला जगांतील उत्कृष्ट मोटारीचा बहुमान मिळाला. परंतु विद्युत्‌संचय करणाऱ्या बॅटरीस आग लागण्याचें भय निघाल्यामुळें २०२३ सालीं अमेरिकेंतील ह्या गाड्या तपासणीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. २०२४ सालीं २०१९ च्या बनावटीच्या सुमारें २,७०० गाड्यांच्या मालकांस सांगण्यांत आलें कीं, गाडी ऐंशीं टक्क्यांहून अधिक भरूं नये व घरापासून दूर उघड्यावर उभी करावी. आणि पुढें त्या गाड्या परत विकत घेण्याचें कंपनीनें ठरविलें. हा कमीपणाच होय. परंतु दोष मान्य करून माल परत घेणें हाही क्षेमाचाच भाग आहे. २०२४ सालींच घराण्यानें नवें बोधचिन्ह स्वीकारलें; यापुढें केवळ विजेच्याच गाड्या करावयाच्या असा संकल्प त्यानें २०२१ सालीं सोडला होता. संकल्पास आमचा आशीर्वाद आहे. मात्र तो तडीस जाईल कीं नाहीं, हें चिन्हावरून ठरावयाचें नाहीं. दहाव्या हजाराव्या गिऱ्हाइकाचें पत्र कोण वाचतो, ह्यावरून ठरेल.

इतकें सांगितल्यावर स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी शिकवीत होतों त्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर शिष्यवृत्ती मिळविलेल्या विद्यार्थ्यांचीं नांवें सोनेरी अक्षरांत लिहिलेला एक फळा होता. एके दिवशीं एक पालक आले. मुलाला शब्दरूपें पाठ येतात, पण वाक्याचा अर्थ लागत नाहीं, शिकविण्यांत कांहीं चुकत असेल काय, असें त्यांनीं नम्रपणें विचारलें. मीं उत्तर दिलें नाहीं. फळ्याकडे बोट दाखविलें. गृहस्थ नमस्कार करून निघून गेले, आणि पुढल्या वर्षीं मुलगा दुसऱ्या शाळेंत गेला. त्या फळ्यावरील एकही नांव मीं लिहविलेलें नव्हतें. तीं माझ्या आधींच्या गुरुजनांची कमाई होती. त्यांच्या योगावर मीं माझ्या क्षेमाची चूक झांकली. दुरुस्तीच्या कारखान्यांत माझ्या पुतण्यास जें उत्तर मिळालें, तें ऐकतांना मला त्या पालकांचा चेहरा आठवला.

अण्णांस मीं एवढेंच म्हटलें कीं, तक्रार करणारा माणूस नांवाचा वैरी नव्हे. त्याला अजून त्या नांवाकडून कांहीं अपेक्षा आहे, म्हणून तो लिहितो. पत्र लिहिणें हा घराण्याचा अपमान नसून त्याच्यावर केलेला उपकार आहे. मात्र पत्र शिवीगाळीचें नसावें. गाडी कोणत्या तारखेस किती मैल चाललेली असतां बंद पडली, काय बदललें, किती दिवस लागले, किती पैसे गेले, हें क्रमवार असावें.

अण्णांनीं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "तारखा माझ्या रोजनिशींत आहेत." पोरगा दर खेपेस खोटें सांगून जात होता, आणि बाप दर खेपेस खरें टिपून ठेवीत होता! त्या रात्रीं दोघांनीं मिळून पत्र लिहिलें. शुद्धलेखन मीं तपासलें. उत्तर येईल तेव्हां येईल. पण दोन वर्षें घरांत जी एक गोष्ट कोणी बोलत नव्हतें, ती त्या पत्रानें बोलून दाखविली, हा लाभ पदरांत पडला आहे.